उतारा कोणी पाहिलाच नाही

मा. संपादक,

यंदाच्या चवथीला आमच्या वाड्यावरच्या एका घराचे दोन गणपती झाले. गोव्याबाहेरच्यांना यात विशेष वाटणार नाही. पण इथे भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची मांडणी) मूळ घरात एकच बांधतात, आणि मुंबईचा, आखातातला माणूस त्याच घरी येतो.

झाले एवढेच, की तिठ्यावरच्या पोसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, कोणीतरी म्हणाले, थोरल्याने एक-चौदावरून, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावरून, धाकट्याचे नाव उडवले. कोण म्हणाले, ते आज कोणालाच आठवत नाही. धाकट्याच्या कानावर गोष्ट गेली तोवर तिला दिल्लीचा गिऱ्हाईकही मिळाला होता. आजूबाजूच्या जमिनी विकल्या जाताना रोज दिसतात, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही. धाकट्याने भावाला विचारले नाही. त्याने अबोला का धरला, हे थोरल्यानेही विचारले नाही. दोघेही मानी.

चवथ उलटल्यावर भाच्याने मोबाइलवर उतारा काढला. नाव जागच्या जागी होते.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. "आयकलां तें खरें मरे?" असे मलाही विचारले गेले होते. मी "आसत" (असेल) म्हणालो आणि साखर घेऊन घरी आलो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे, पण आमच्याकडे चहाडी प्रश्नाचे रूप घेऊनच येते. नुसते विचारणाऱ्याला कोर्टात कोण खेचणार? आणि "आसत" म्हणणाऱ्याला?

गजालींवर, गावगप्पांवर, माझा राग नाही. एकट्या म्हातारीच्या दाराला पदेराने (पाववाल्याने) अडकवलेला पाव दुपारपर्यंत तसाच दिसला, तर गजालीमुळेच चार माणसे धावतात. मात्र आजाराचे कळले की आपण त्या घराचे दार ठोठावतो. जमिनीचे, सोयरिकीचे कळले की तेवढे दार सोडून गावभर फिरतो.

त्या भावांच्या आईने यंदा पातोळ्या एकदाच केल्या आणि डबा घेऊन दोन्ही घरांत गेली. उतारा पाहून महिना झाला, तरी धाकट्याला "चुकलो" म्हणणे आणि थोरल्याला हाक मारणे जमलेले नाही. तिठ्यावर मात्र नवा प्रश्न आला आहे : पुढच्या चवथीला म्हातारी कोणाकडे बसणार मरे?

— एक वाचक, फोंडा