आई, तुपाचा दोष नाही

पुणे

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई एकदम गप्प झाली. मागच्या खेपेला तुपाची बरणी बॅगेत का नव्हती, ते तेव्हा कळलं. आई, तूप तू कढवलंस, पण हा कोलेस्टेरॉलचा आजार तुझ्या तुपातून आलेला नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी मी मार्चपासून घेतोय. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चुकलो. पण घाई केली नाही हो. रिपोर्ट दोनदा काढला, तीन महिने तेलकट बंद करून पाहिलं, डॉक्टरांशी तासभर बोललो आणि मगच सुरू केली.

बाबा, तुमच्या डेअरीच्या भाषेत सांगतो. कोलेस्टेरॉल पोटातून येतं त्याहून जास्त शरीर स्वतःच बनवतं आणि त्यात मोठा वाटा यकृताचा. तिथून भरलेले कॅन घेऊन निघालेली गाडी पुढे एलडीएल होते. गावोगावचं उरलेलं दूध परत आणते ती एचडीएल. परतीची गाडी चुकली की दूध दारातच नासायचं, आठवतं? तसं कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतं. आता पेशीतून ते परतीच्या गाडीत चढवायला एक दार असतं, एबीसीए-1 नावाचं. यकृतातही तेच दार लागतं, नाहीतर एचडीएल नीट तयारच होत नाही. माझ्या अंगातल्या एचआयव्ही विषाणूचं नेफ नावाचं प्रथिन नेमकं हे दार मोडतं.

म्हणूनच 2008 साली, त्या दवाखान्यात आपल्याला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं तेव्हा, माझं कोलेस्टेरॉल कमी आलं होतं. "एवढं तरी चांगलं आहे" म्हणून आईनं देवीला नारळ ठेवला. ते चांगलं नव्हतं गं. एचआयव्हीचं औषध नसताना एचडीएल आधी घसरतं, एलडीएलही उतरतं आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढतात. औषधानं जीव सावरला तसं एलडीएल वर आलं. त्यात माझ्या एचआयव्हीच्या औषधांत रिटोनाविर आहे. त्याच्या गटातल्या जुन्या औषधांनी रक्तातली चरबी वाढते. पण त्याच औषधांमुळे विषाणू आज तपासणीत सापडत नाही, तेव्हा त्यांना नावं ठेवू नका.

2023 साली एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. बारा देशांतले 7,769 एचआयव्हीबाधित लोक, आपल्या देशातलेही. पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात असे मोठे प्रसंग 35 टक्क्यांनी कमी झाले. धोका फार नसलेल्या लोकांतसुद्धा. मला तीच गोळी दिली आहे.

बाबा, तुमच्या डब्यातली गोळी पाठवू का म्हणालात. नको. तुमचीही कोलेस्टेरॉलचीच, पण ती सिमव्हास्टॅटिन आहे. रिटोनाविर यकृतात ती मोडू देत नाही, मग ती रक्तात साठते आणि स्नायूंवर उतरते. माझ्यासाठी ती विषासारखी. तुम्ही मात्र तुमची रात्री न चुकता घ्या, दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

माझी काळजी करू नका. डब्यात रोज भाजी-भाकरी येते, नवी गादी घेतली आहे, खोलीत सकाळचं ऊन येतं. संध्याकाळी पाऊण तास चालतो. काल चालताना डेअरीची पायरी आठवली. पहाटे तुम्ही मफलर माझ्या कानांवरून बांधायचात, उपड्या कॅनवर बसवायचात. लॅक्टोमीटर दुधात सोडला की तो थांबेपर्यंत मला बोलायची परवानगी नसायची. मी श्वास धरून बसायचो. परवा रक्त काढताना तसाच बसलो होतो.

आता माझं ऐका. खानापूरचा पाऊस कमी होईपर्यंत बाबांनी मागच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून विहिरीकडे जायचं नाही. आईनं साखर तपासायला सोमवारी जायचं, "पुढच्या आठवड्यात" चालणार नाही. रिक्षा मी फोन करून सांगतो. आत्याला काय सांगायचं ते मी आल्यावर ठरवू, तोवर कुणी विचारलं तर पित्त म्हणा.

आणि आई, तूप अजिबात चालत नाही असंही नाही. दोन वेळा भाकरीवर थापण्याऐवजी वरणभातावर चमचाभर, एवढंच. गणपतीला शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं येतोय. बरणी लहान घे, ती निळ्या झाकणाची. झाकणाखाली प्लास्टिक बांध, मागे बॅगेत सगळं सांडलं होतं.

तुमचा,
बाळू