टॉकीज नगर वाचनालयासारखी चालवता येईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकपडदा थिएटरं बंद पडत चालल्याची बातमी आणि तिच्यावर आलेली वाचकांची पत्रं मी अमेरिकेत मुलाच्या घरी बसून वाचली. सगळ्या पत्रांत हळहळ आहे. पिटातल्या शिट्ट्या, पडद्यावर उधळलेली चिल्लर, ब्लॅकवाले, मध्यंतरातले खारे दाणे. हे सगळं होतं, नाही कोण म्हणतो? पण हळहळ करून एकही टॉकीज उघडी राहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही, म्हणून हे पत्र.

मी सिनेमा ऑपरेटर. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टॉकीजच्या केबिनमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. आधी पडद्यावर उजेड पाडायला कार्बनच्या कांड्या जाळल्या, मग झेनॉनचा दिवा आला, मग सॅटेलाइटवरून सिनेमा उतरू लागला आणि ऑपरेटरचं काम बटण दाबण्यापुरतं उरलं. पुढे ती टॉकीजच बंद झाली. मालक वारले, मुलं पुण्याला. इमारत उभी आहे, गेटला साखळी आहे, आणि जागा बिल्डर बघून जातात अशी गावात बोलवा आहे.

मुलगा राहतो ते ब्रुकलाइन हे गाव बॉस्टनला खेटून आहे, पण त्याचा कारभार वेगळा. २०२० च्या जनगणनेत वस्ती ६३ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढी. ट्रामच्या थांब्याजवळ हार्वर्ड स्ट्रीटवर ‘कूलिज कॉर्नर थिएटर’ आहे. मूळची इमारत १९०६ सालचं चर्च. १९३३ मध्ये तिचं थिएटर केलं. बाल्कनीसकट मोठा हॉल होता, पुढे बाल्कनी वेगळी काढून तिथे दुसरा पडदा बसवला. इथवरची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही टॉकीजला लागू पडावी अशीच. आणि पुढे आपल्यासारखंच झालं. १९८० च्या दशकाच्या शेवटी मालकाला ती परवडेना आणि जागेचा दुसराच उपयोग होणार असं दिसू लागलं.

तेव्हा गावातल्या लोकांनी एक फाउंडेशन काढलं. १९८९ मध्ये शेकडो रहिवाशांनी हातात हात धरून इमारतीभोवती कडं केलं. त्या कड्याचंच कौतुक सगळे सांगतात, फोटोही तोच दाखवतात. मला विचाराल तर खरं काम कागदावर झालं. एका स्थानिक मालमत्ता व्यावसायिकानं इमारत घेतली आणि फाउंडेशनला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. कडं करून लोक संध्याकाळी घरी जातात. भाडेपट्टा मात्र आजही चालू आहे.

तेव्हापासून हे फाउंडेशनच थिएटर चालवतं. नफा झाला तरी कुणाच्या खिशात जात नाही. नुसत्या तिकिटांवर भागत नाहीच, म्हणून वार्षिक सभासद आहेत, देणगीदार आहेत, विश्वस्त मंडळ आहे. नवे सिनेमे रोज चालतात, ते बंद केलेले नाहीत. ‘चांगला सिनेमा’ म्हणजे माणसं झोपी जाणारा सिनेमा, असा तिथे कुणाचा समज दिसला नाही. २०२४ मध्ये मागच्या अंगाला नवं बांधकाम करून दोन पडदे वाढवले, चाराचे आता सहा झालेत. त्याच बांधकामात वरच्या मजल्यावर वर्ग आणि चर्चेसाठी जागा केली आहे. थिएटरवाले पैसे जमले की आणखी खुर्च्या टाकतात, हे मी आयुष्यभर पाहिलं. वर्ग बांधणारे इथेच पाहिले.

तिथे चालतं काय, तर काही खेळांच्या आधी कुणी प्राध्यापक किंवा समीक्षक त्या सिनेमावर बोलतात, मग सिनेमा, मग ज्यांना थांबायचं त्यांच्याशी गप्पा. मी गेलो त्या दिवशीचे वक्ते जरा लांबलेच. माझं इंग्रजी तुटपुंजं, त्यामुळे मला ते जास्तच लांब वाटले असतील. २००५ पासून त्यांचा एक उपक्रम आहे, ‘सायन्स ऑन स्क्रीन’. सिनेमाच्या आधी एखादा शास्त्रज्ञ त्यातल्या एखाद्या धाग्यावर बोलतो. सिनेमा साथीच्या रोगाचा असेल तर डॉक्टर, चोरीचा असेल तर कुलपांचा जाणकार, असंही चालावं. हा प्रकार इतका जमला की २०११ पासून विज्ञानासाठी देणग्या देणाऱ्या स्लोन फाउंडेशनच्या पैशातून अमेरिकेतल्या दुसऱ्या ना-नफा थिएटरांनाही त्यासाठी अनुदान मिळतं. मूकपट लावतात तेव्हा पडद्याखाली बसून वादक साथ करतात. आमचे आजोबा पेटी-तबल्यावरच्या मूकपटांच्या गोष्टी सांगायचे. मला वाटायचं, म्हातारा वाढवून सांगतोय. आणि ठरावीक दिवशी कुणीही आपली छोटी फिल्म घेऊन यावं, ती मोठ्या पडद्यावर लावून मिळते. कॉलेजची पोरं येतात, निवृत्त लोकही येतात.

शिवाय तिथे अजून ३५ आणि ७० मिलिमीटरची फिल्म लावतात. एका जुन्या सिनेमाला गेलो होतो. रीळ संपायला आलं तसा पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला. चार फ्रेमांचा ठिपका, सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात दिसून नाहीसा होणारा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची, सातएक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर, म्हणजे सिनेमा न थांबवता पहिल्या मशिनवरून दुसऱ्यावर न्यायचा. माझा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर आपटला. शेजारी बसलेल्या नातीनं विचारलं, आजोबा, काय झालं? मध्यंतर नसतंच इथे, त्यामुळे बाहेर आल्यावर ट्रामच्या थांब्यावर तिला सगळं समजावलं. आता ती प्रत्येक सिनेमात कोपऱ्यात ठिपका शोधते आणि डिजिटलला तो नसतो म्हणून वैतागते.

आता आपल्याकडचं. परदेशात गेला की माणूस तिथलंच गुणगान करतो असं कुणी म्हणायला नको, कारण यातलं पुष्कळसं आमच्या गावात होऊन गेलेलं आहे. आमच्याकडे फिल्म सोसायटी होती, म्हणजे चांगले सिनेमे मिळवून एकत्र बघणारं, त्यावर बोलणारं मंडळ. एक दातांचे डॉक्टर, हायस्कूलचे दोन मास्तर, एक एलआयसी एजंट आणि पेठेतले एक किराणा दुकानदार, ही तिची कार्यकारिणी. रविवारी सकाळी नऊला, मॉर्निंग शोच्या आधी, मालक त्यांना हॉल द्यायचे. विजेचं बिल आणि कार्बनचा खर्च तेवढा घ्यायचे. प्रिंट पुण्याहून, १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून यायची. डबे एसटीच्या टपावरून उतरवून सायकलवर लादून आणायचं काम माझ्याकडे. सबटायटल इंग्रजीत, म्हणून एक मास्तर आधी पाच मिनिटं मराठीत गोष्ट सांगायचे. आणि सिनेमा संपला की खालून ओरडायचे, “चौथं रीळ परत लावा!” मी रीळ उलटं गुंडाळून पुन्हा लावायचो. कॅमेरा त्या दारावर एवढा वेळ का थांबला, यावर डॉक्टर आणि दुकानदार यांची अशी जुंपायची की मॉर्निंग शोचं पब्लिक बाहेर खोळंबायचं. मी हे केबिनच्या खिडकीतून ऐकायचो. हिंदी सिनेमाची रिळं शेकडो वेळा फिरवूनही जे दिसलं नव्हतं ते मला त्या भांडणांतून दिसायला लागलं. त्या मास्तरांपैकी एक पुण्याला सिनेमा कसा बघावा हे शिकवणारं उन्हाळी रसास्वाद शिबिर करून आले होते, ते तिथल्या वह्या मला वाचायला द्यायचे.

अशा सोसायट्या महाराष्ट्रभर होत्या, काही अजून आहेत. सत्यजित राय ज्याचे पहिले अध्यक्ष होते तो या सोसायट्यांचा देशपातळीवरचा संघ, फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज, १९५९ चा, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ चं, पुण्याचा आशय फिल्म क्लब १९८५ चा. माणसं मोठी, काम मोठं. पण हॉल बहुतेक वेळा दुसऱ्याचा. आमच्याकडे टॉकीज डिजिटल झाली, ३५ चं मशिन बंद पडलं, आणि सोसायटी रस्त्यावर आली. शाळेच्या सभागृहात डीव्हीडी लावून पाहिल्या. खिडक्यांना पडदे नाहीत, दुपारच्या उजेडात सगळे नट पांढरेफटक. चार महिन्यांत लोक यायचे थांबले. त्यांना सिनेमाचा कंटाळा आला नव्हता, अंधार मिळत नव्हता. आता वर्षातून तीन-चार दिवसांचे महोत्सव होतात, उद्‌घाटनाला पाहुणे येतात, बॅनर लागतात. बरं आहे ते. पण महोत्सव संपला की आठवीतल्या पोराला सिनेमा कुठे दाखवायचा?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की टॉकीज वाचवायची तर ती नगर वाचनालयासारखी वाचवा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. लोकांनी वर्गणी काढून चालवलेल्या ह्या संस्था. कुणी कधी विचारलं नाही की वाचनालय नफ्यात आहे का. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे, तिच्याप्रमाणे अनुदान मिळतं. (ते किती आणि किती उशिरा मिळतं हे ग्रंथपालांनाच विचारा. त्यांची स्थिती आम्हा ऑपरेटरांपेक्षा फार बरी नाही.) पुस्तकासाठी जे शंभर-दोनशे वर्षांपूर्वी सुचलं ते सिनेमासाठी का सुचू नये? विश्वस्त संस्था नोंदवायला कायदा आहे, सभासद कसे करायचे ते आपल्याला येतं, वार्षिक सभेत भांडायलाही येतं.

पैसा हा अडसर आहे, हे मी विसरलेलो नाही. ब्रुकलाइन श्रीमंत आहे, हार्वर्ड आणि एमआयटी हाकेच्या अंतरावर आहेत, तिथले देणगीदार आमच्या तालुक्यात मिळणार नाहीत. पण आमच्याच गावात गेल्या काही वर्षांत दोन देवळांचे जीर्णोद्धार झाले, गणपती मंडळांची वर्गणी लाखांत जाते, पतसंस्था आहेत, साखर कारखाना आहे. आणि सहा पडदे मागतो कोण! नऊशे खुर्च्यांच्या जागी दोनशे चालतील. आठवड्याचे पाच दिवस नेहमीचे सिनेमे लावा, तिकीट शहरातल्या मल्टिप्लेक्सपेक्षा कमी ठेवा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एका शाळेचा एक वर्ग बोलवा. रविवार सकाळ सोसायटीची. महिन्यातून एक संध्याकाळ गावातल्या पोरांनी मोबाइलवर केलेल्या फिल्म. ती पोरं आज यूट्यूबवर टाकतात आणि एकेकटी बघतात. दोनशे माणसांत आपला विनोद पडताना बघितला की पुढची फिल्म सुधारते.

एक सूचना धंद्यातला माणूस म्हणून करतो. इमारत पाडायच्या आधी बोलणी व्हायला हवीत. बंद टॉकीजचं छप्पर दोन-तीन पावसाळ्यांत गळायला लागतं, पडद्यामागे घुशी होतात, वायरिंग चोरीला जातं, आणि मग दुरुस्तीचा आकडा ऐकूनच लोक मागे सरतात. मालकाला एकरकमी खरेदी मागण्यापेक्षा लांब मुदतीचा भाडेपट्टा मागावा. रस्त्याकडेच्या भागात गाळे काढून त्याचं भाडं त्यांनी घ्यावं, हॉल संस्थेला द्यावा. आमच्या टॉकीजच्या वारसांना हे मी फोनवर बोललो. ‘नाही’ म्हणाले नाहीत. ‘कुणी पुढे आलं तर बघू’ म्हणाले.

मी दिवाळीनंतर परत येतो आहे. विश्वस्त संस्थेनं चालवलेलं, रोज खेळ होणारं थिएटर महाराष्ट्रात किंवा गोव्यात कुठे असेल तर वाचकांनी आपल्या दैनिकाकडे जरूर लिहावं, मी जाऊन हिशेबाची वही बघून येईन. आणि सांगली जिल्ह्यातल्या वाचनालयांचे पदाधिकारी, मुख्याध्यापक, जुने फिल्म सोसायटीवाले यांपैकी कुणाला वारसांशी बोलायला सोबत यायचं असेल तर त्यांनीही कळवावं. संपादक महोदय, आपण पत्रं माझ्याकडे पाठवावीत ही विनंती. मशिनची दुरुस्ती मी फुकट करून देईन. दोन्ही मशिनं अजून केबिनमध्येच आहेत, जिन्याच्या वळणावरून ती खाली उतरत नाहीत म्हणून भंगारवाल्यानं नेली नाहीत.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर
(नाव छापू नये)
सध्या मुक्काम ब्रुकलाइन, मॅसॅच्युसेट्स