आंबट बिअर आणि 'हॉर-ए'

महोदय,

कोल्हापुरात ताज्या बिअरचा छोटा कारखाना काढू पाहणाऱ्यांनी जिवाणू-तपासणीचा खर्च आधीच धरावा. चव आंबट लागेपर्यंत थांबलात, तर अख्खी टाकी गटारात.

हॉप या बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतली कडू आम्ले बहुतेक ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅम रंगचाचणीत जांभळा रंग धरणाऱ्या) जिवाणूंना वाढू देत नाहीत. लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस आणि पेडिओकॉकस डॅम्नोसस या बिअर आंबवणाऱ्या जिवाणूंचे काही वाण मात्र तग धरतात, कारण 'हॉर-ए' जनुकापासून तयार होणारा पंप ती आम्ले पेशीबाहेर फेकतो. त्यामुळे नुसती जात ओळखून भागत नाही. लॅक्टोबॅसिलस तर आपल्या ताकातही असतात! हॉर-ए, हॉर-सी असे हॉपला तोंड देणारे जनुकच शोधावे लागतात.

साधारण पाव लिटर बिअर ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळावी. पडदा बिअर मिसळलेल्या एमआरएस द्रवात (लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू वाढवण्याचे पौष्टिक द्रव), हवा न लागू देता २५ ते २८ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवून मग पीसीआर (ठरावीक जनुकाच्या असंख्य प्रती काढून तो शोधणारी चाचणी) करावी. द्रवातली बिअर वगळू नये: हॉर-ए बहुधा प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या सुट्या छोट्या डीएनए-कड्यावर असतो आणि हॉप नसलेल्या पौष्टिक द्रवात जिवाणू तो गमावू शकतात.

बिअरमधली पॉलिफिनॉल्स ही वनस्पतिजन्य द्रव्ये पीसीआर अडवतात, म्हणून अंतर्गत नियंत्रण (चाचणी नीट चालली हे दाखवणारा सोबतचा ज्ञात डीएनए) नसलेला 'निगेटिव्ह' अहवाल आम्ही तरी मानणार नाही. उलट पाश्चरीकरणात मेलेल्या पेशींचा डीएनएही 'पॉझिटिव्ह' दाखवतो. बिअर नासवणारा पेक्टिनेटस हा जिवाणू मात्र ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे दुसऱ्या गटातला; त्याला या चाचणीत धरता येत नाही, वेगळे प्रायमर (नेमका जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) लागतात.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अभ्यासक, कोल्हापूर