‘सुटेल बिचारी’ म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इच्छामरणाच्या चर्चेत आलेली वाचकांची पत्रे वाचली. ‘अशा जगण्याला काय अर्थ?’ हे वाक्य बऱ्याच पत्रांत होते. माझी मुलगी ‘अशी’ आहे. वय ११, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही), बसता-बोलता येत नाही, यूडीआयडी या सरकारी अपंगत्व कार्डावर ९५ टक्के अपंगत्व. पाहुणे हळूच विचारतात, “हिला कळतं का काही?” कोपऱ्यावरच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की ती खुदकन हसते. मंगळवारी गिरणी बंद असते. त्या दिवशी ती खिडकीकडे मान वळवून पडून राहते आणि खिमटाचा पहिला घास थुंकते. आता कळतं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

पण ‘आईबापांनाच विचारा, त्यांनाच खरं ठाऊक’ हेही मला पुरते पटत नाही. थेरपीच्या ताईंनी एकदा फॉर्म दिला होता: मूल किती आनंदी, किती दुखतं, झोप कशी, असा. तिला रात्रभर फिट्स येत होत्या, सकाळी मी तो भरला. सगळे आकडे तळाला. तो कागद हरवला म्हणून पंधरवड्याने पुन्हा भरायला लागला. मधल्या काळात नणंद आठ दिवस राहून गेली होती आणि मी सलग सहा तास झोपले होते. आकडे चक्क वर गेले. नंतर ताईंना जुना कागद सापडला, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. माझा शिणवटा मी लेकीच्या नावावर मांडला होता.

हे माझ्यापुरतेच नाही. युरोपातल्या सात देशांत सेरेब्रल पाल्सी असलेल्या ८ ते १२ वयाच्या ८१८ मुलांची पाहणी झाली. त्यांतली ५०० मुले स्वतः उत्तरे देऊ शकली. २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती पाहणी छापून आली, तर बहुतेक बाबतींत ही मुले इतर मुलांइतकीच समाधानी निघाली. ताणाखालच्या पालकांनी मात्र मुलांना कमी गुण दिले. उरलेली ३१८ माझ्या लेकीसारखी. त्यांच्या वतीने आम्हीच बोलणार.

आणि आम्ही चुकतो. दीड वर्ष ती लंगोट बदलताना किंचाळायची. “अशी मुलं रडतातच,” असे डॉक्टर म्हणाले, मीही मान डोलावली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर खुबा निखळलेला. ऑपरेशन झाले, किंचाळणे थांबले. त्या दीड वर्षात कुणी तिच्या आयुष्याला गुण दिले असते, तर शून्यच मिळाला असता. तो शून्य खरे तर न काढलेल्या एक्स-रेचा.

याचा अर्थ ‘आता पुरे’ म्हणणारे आईबाप निर्दय, असा कुणी काढू नये. २०१३ पासून अंथरुणाला खिळलेल्या तरुण मुलाचे सगळे करून हरीश राणाचे आईवडील २०२४ मध्ये त्याच्यासाठी इच्छामरणाची परवानगी मागायला दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यांना नावे ठेवणाऱ्याने आधी अशा मुलाची एका रात्रीत चार वेळा कूस बदलून दाखवावी.

माझे मागणे छोटे आहे. असा कुठलाही फॉर्म, दाखला, वैद्यकीय मंडळाचा अहवाल असो, त्यात वरच्या बाजूला दोन रकाने ठेवा: मुलाच्या वेदनेची तपासणी शेवटची कधी झाली, आणि माहिती देणारी व्यक्ती काल रात्री किती तास झोपली.

– एक आई, मिरज
(नाव छापू नये, ही विनंती)