धर्मकाट्यावरच्या काकांचे जाहीर आभार

ती. काकांना सा. न. वि. वि.

ट्रकचं एकूण वजन नियमात असलं तरी त्याच्या पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या आसावर, म्हणजे एका अ‍ॅक्सलवर जादा भार असू शकतो, हे तुम्ही आम्हा लहान गाडीमालकांना गाडी धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर, चढवून दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

पावतीच्या पाठीवर तुम्ही मांडलेला हिशेब इतरांच्याही कामी यावा. दोन अ‍ॅक्सलची गाडी, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) मर्यादा 18.5 टन: पुढे 7, मागे 11.5. भरलेली गाडी 18.2 टन, म्हणजे 300 किलो कमीच. पण नुसती पुढची चाकं काट्यावर घेतली तर 5.9 टन. उरलेले 12.3 मागे, म्हणजे 800 किलो जादा! जड नग हौद्यात पुढपर्यंत ओढायला कष्ट पडतात, म्हणून ते मागच्या फाळक्याजवळच राहतात. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 4.2 मीटर असेल तर 3 टन माल 1.2 मीटर पुढे सरकवायचा. मागचे साधारण 850 किलो पुढे जातात, एकही नग उतरवावा लागत नाही.

मात्र पुढची चाकं तोलताना काट्याबाहेरची जमीन प्लॅटफॉर्मच्या पातळीत हवी, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक सुटलेला हवा, नाहीतर आकडा खोटा येतो. दर वेळी तुम्ही काट्याच्या केबिनमधून उतरून हे स्वतः बघता आणि दुसऱ्या तोलाचे पैसे घेत नाही.

एकूण वजन आरसीच्या वर गेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये, शिवाय जादा टनामागे 2,000, आणि जादा माल उतरवायचा तो वेगळाच. 2018 मध्ये अशा गाडीची मर्यादा 16.2 ची 18.5 टन झाली, तरी जुन्या गाडीला तिच्या आरसीवर लिहिलेलाच आकडा धरायचा, हेही तुम्ही बजावलंत. पण आमच्या मते दंडापेक्षा मुंबईच्या वाटेवरचा बिजासन घाट मोठा. मागे भार जादा असला की उतारावर मागचे ब्रेक लायनर आणि टायर तापतात, पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग ऐकत नाही.

काटा झाल्याशिवाय ई-वे बिलाचा, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटी कागदाचा, पार्ट-बी (गाडी नंबरचा भाग) भरायचा नाही, हा सल्लाही लाखमोलाचा. मुदत पार्ट-बी भरल्यापासून धरतात, 200 किलोमीटरला एक दिवस. इंदूर ते मुंबई, सुमारे 590 किलोमीटर, तीन दिवस. माल सरकवण्यात अर्धा दिवस गेला तर तो त्यातून जायला नको. वाटेत गाडी बदलली तर निघण्याआधी नवा नंबर टाकायचा. मुदत वाढवता येते ती संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंतच.

आता काहीजण 28.5 टनांच्या तीन अ‍ॅक्सलच्या गाड्या घेत आहेत. त्यांचाही तक्ता हवा आहे. आकडे आम्ही मांडून आणू, तुम्ही तेवढे तपासून द्या.

आपले,
लोहामंडी, इंदूर येथील लहान गाडीमालक