ओमूचा ‘बा’

सोलापूर,
२८ नोव्हेंबर

चि. शिवलीला,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मधेच ठेवला, ते चुकलं. आईनं तुला रेंज गेल्याचं सांगितलं, पण रेंज कुठं गेली नव्हती.

ओमू ‘बा, बा’ करत होता. आपल्या घरात बा म्हणजे ‘ये’. मला वाटलं पोरगं आज्जाला बोलावतंय. ‘आलो, आलो’ म्हणत मी चष्मा शोधायला लागलो, आणि तू हसत म्हणालीस, “आप्पा, तुम्हाला नाही, मागं त्याची बा उभी आहे.” विहीणबाईंबद्दल मनात काही नाही. गुजरातीत आईला, आजीला बा म्हणतात, कस्तुरबा सगळ्यांच्या बाच होत्या, हे मी वर्गात कितीदा सांगितलंय. तरी लागलं.

एवढंसं अक्षर, पण बघ. आपला मराठी बा म्हणजे बाप, प्राकृतातल्या बप्पाच्या घरचा. विठोबा-खंडोबाच्या शेवटी आदरानं बसतो तो. ‘बाअदब’मधला बा फारसीतून आला, अर्थ ‘सह’. आणि अव्वाचा कन्नड बा तमिळच्या ‘वा’चा भाऊ. तिकडच्या शब्दारंभीच्या वचा कन्नडात ब झाला, म्हणून त्यांचं लोणी वेण्णै आणि आपलं बेण्णी. तेलुगूतला ‘रा’सुद्धा त्याच कुळातला. कानाला सारखे वाटणारे परके, आणि वेगळे वाटणारे सख्खे. झालं, खडू घेतलाच मी हातात. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी सवय जात नाही. माफ कर.

‘रा’वरून आठवलं. पूर्वभागात राहत असताना शेजारच्या पेद्दम्मा विड्या वळायच्या. एकदा मांडीवरचं सूप बाजूला सारून, तंबाखूनं पिवळी झालेली बोटं हलवत त्या मला म्हणाल्या, “इटु रा.” मी ऐकलं ‘ऱ्हा’, आणि जिथल्या तिथं उभा राहिलो. त्या ‘रा, रा’ म्हणतायत, मी आणखी ताठ. शेवटी त्याच उठून आल्या आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तेव्हा पाच वर्षांचा असेन.

गड्ड्याचं, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला येण्याचं, मी विचारणार नव्हतो. तुझी ओपीडी, ओमूची शाळा, सगळं कळतं मला. तू पेशंटांशी गुजरातीत बोलतेस, एक आजी तर तुला तिथलीच समजली, हे जावईबापूंनी सांगितलं. मी ते बाळीवेशीत निदान चौघांना ऐकवलं असेल. पण रात्री मनात आलं, हीच तिथली झाली तर ओमू इथं कोण म्हणून येणार? पाहुणा म्हणून? असलं लिहू नये. खोडायला हवं होतं, राहू दे.

पोराशी एक तरी वेळ मराठीत बोलत जा. थोडं कन्नडही कानावर पडू दे. ज्यांच्या लग्नाच्या अक्षता टाकायला संमती कट्ट्यावर सगळं गाव लोटतं, त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात वचनं लिहिली ती कन्नडातच. पुन्हा सुरू झालो. तू दिवसभर दमून येतेस आणि मी इथं खुर्चीत बसून अभ्यासक्रम ठरवतोय.

तू पहिल्यांदा होस्टेलला निघालीस तेव्हा अव्वा उंबऱ्यात उभी होती, हाताला भाकरीचं पीठ तसंच. तू म्हणालीस, “जाते गं.” ती चिडली. जाते म्हणू नये. “होगि बा,” म्हणाली, जाऊन ये. रिक्षा कोपऱ्यावर वळली तरी तिचं ‘बा’ चालूच होतं. मग आत गेली, तर तव्यावरची भाकरी करपलेली. तीच खाल्ली तिनं, दुसरी टाकू दिली नाही.

आईचा गुडघा तसाच आहे. ती तुला ‘बरा आहे’ म्हणते, म्हणून सांगितलं. येण्यासाठी म्हणून नाही. अण्णाकडचं मिटलं. मधल्या खोलीतला पंखा बदलला, आता आवाज करत नाही, ओमूला झोप लागेल. संक्रांतीला जमलं नाही तर पुढं केव्हाही या. पण यात्रेतल्या नंदीध्वजांच्या काठ्या संक्रांतीलाच निघतात, एवढं खरं.

तुझा,
आप्पा

ता. क. ओमूच्या छातीचं आणि बाहीचं माप कळव. बाराबंदी शिवायला टाकायची आहे. शिंपी म्हणतो, तीन वर्षांच्या पोराची अंदाजानं शिवतो. मी त्याला आठवडाभर थांब म्हटलंय.