पत्त्यांचा खेळ जोखताना

माननीय संपादक,

व्हिडिओ गेमवर बेतलेल्या पत्त्यांच्या खेळांची परीक्षणे खोक्यावरच्या भीषण चित्रांवरच अडकतात, हे खटकते. ‘ब्लडबोर्न’चेच घ्या. मूळ गेम 2015 चा, पत्त्यांचा 2016 चा आणि तो 3 ते 5 जणांसाठी. दोघांनीच खेळून मत देणे अन्यायाचे.

मुळातली धाकधूक पत्त्यांत उतरली का, हा खरा प्रश्न. राक्षसाशी लढताना प्रत्येकजण एक पत्ता पालथा ठेवतो, मग सगळे एकदम उघडतात. राक्षसाला केलेल्या जखमांचे ‘ब्लड एकोज’ म्हणजे गुण मिळतात, पण ‘हंटर्स ड्रीम’चा पत्ता टाकून ते सुरक्षित करेपर्यंत मेलात की गेले! थांबायचे की अजून एक वार करायचा, हीच गंमत. राक्षसाच्या हल्ल्याचा फासा पत्ते ठेवून झाल्यावरच टाकायचा. नवखे आधी टाकतात, मग सगळेच सावध खेळतात आणि खेळ मिळमिळीत वाटतो. फाशावर अधिकचे चिन्ह आले की आलेला आकडा जमेस धरून फासा पुन्हा टाकायचा. हेही बरेचदा राहून जाते.

आपल्याकडे आणखी एक बघावे. खानापूर, बेळगावच्या पावसाळी दमटपणात पत्ते वाकतात. कोपरा उचललेला पत्ता पालथा असूनही ओळखू येतो, म्हणजे लपवाछपवी संपलीच. सगळ्या पत्त्यांना एकाच जातीची पारदर्शक पाकिटे घालावीत. निम्म्यांनाच घातली तर तीच खूण होते.

परीक्षकाने किमान 3 डाव खेळावेत, त्यातला एक 5 जणांचा.

आपला,
एक वाचक, खानापूर